हत्तीच्या खुरातला खडा

मी तसा कमी बोलणारा. पण माझी ही फजिती बायको पाहुण्यारावळ्यांना तिखटमीठ लावून सांगत सुटली आहे. त्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. चहा घ्या, निवेल. आणि हसू शेवटासाठी ठेवा.

पालेगावची आमची शेती. आता भोवती टॉवर उभे राहिले, भातापुरता एक तुकडा उरला. आमचा शेवटचा बैल गेला तेव्हा मी अंबरनाथच्या एका बंद कारखान्यातून जुना फोर्कलिफ्ट आणला. गाव हसलं. शेतात फोर्कलिफ्ट? पण त्यानं भाताची पोती उचलली, पेंढा माळ्यावर चढवला, एकदा तर चरात पडलेली शेजाऱ्याची म्हैस वर काढली! पुढचे दोन लोखंडी दात बघून पोरं त्याला हत्ती म्हणायची. मग मीही म्हणायला लागलो. दसऱ्याला हार घालायचो, बैलाला घालायचो तसाच.

यंदा बायको म्हणाली, "अहो, ते भंगार काढा आता. पडवीत पाय ठेवायला जागा नाही."

भंगार! काळजात चर्र झालं. म्हटलं, विकीन. पण चालवणाऱ्याला. कापणाऱ्याला नाही.

शेजारच्या सिंधी वस्तीतून, कॅम्प पाचहून, लच्छूशेठ बघायला आले. फर्निचरचं वर्कशॉप आहे म्हणाले. म्हणणारा काय, काहीही म्हणेल! आमचं आयुष्य बैलबाजारात गेलं. गिऱ्हाईक ओळखायची एक खूण वडिलांनी शिकवली होती. जो दात बघतो, तो कामाला नेतो. जो वजन विचारतो, त्याच्या हातात कासरा द्यायचा नाही.

आणि शेठनी पहिलाच प्रश्न काय विचारावा?

"काका, वजन किती याचं?"

झालं! मी म्हटलं, "वजन कशाला पाहिजे?"

"ऐसेच. माहीत पाहिजे ना."

ऐसेच? मग त्यांनी पत्रा ठोकून बघितला. टेप काढून मापं घेतली, तिरडीची घ्यावीत तशी. मग फोनवर सिंधीत कोणाशी तरी बोलले. सिंधीतलं मला एक अक्षर कळत नाही, म्हणून मला सगळं कळलं. हा माणूस हत्तीला कापणार!

"ट्रक आत येईल का बघून येतो, मग चालू करू," म्हणून शेठ रस्त्याकडे गेले.

नको असलेलं गिऱ्हाईक आलं की वडील बैलाच्या खुरात बारीक खडा अडकवायचे. बैल लंगडला की गिऱ्हाईक पुढे सरकायचं. मी काय केलं? हत्तीच्या सीटखालची बॅटरीची वायर काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्यात खोल पुरली.

शेठ आले. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. हूं नाही की चूं नाही.

"अरे काका, फोनवर तर म्हणालात, रोज चालतो!"

"वय झालं त्याचं. सकाळी माझंही असंच होतं."

शेठ ओट्यावर मटकन बसले. मी इतका खूश, की आतून स्वतः चहा आणून दिला.

"मेरा तो काम अटक गया काका," शेठ म्हणाले. "प्लायवूड उचलून कारीगरांच्या कमरा गेल्या. म्हणून तर हा पाहिजे होता. माझ्या दारासमोर नाला आहे, वर लादी. मिस्त्रीनं निघतानाच सांगितलं होतं, मघाशी फोनवरही तेच, वजन विचारून घ्या, नाहीतर लादी तुटेल."

माझी बशी तोंडाशीच थांबली.

"म्हणजे... कापणार नव्हतात?"

"चालत्या गाडीला कोण कापतो काका? पण आता बंदच आहे, तर टेन्शन नाही. माझा साडू भंगारमध्ये आहे. गॅस कटर घेऊन येईल, इथेच तुकडे करेल, तुमची जागा खाली!"

आणि फोन कानाला!

दहा वर्षांत मी धावलो नव्हतो हो. त्या दिवशी धावलो. डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बायको ओरडली, "अहो, शिजवू तरी द्या!"

मी वायर घेऊन बाहेर. वायरीला ग्रीस, ग्रीसला तांदूळ. शेठनी फोन खाली घेतला. वायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काका, ये क्या है?"

"खडा," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. वायर जोडली. हत्ती असा गरजला, की टॉवरवाल्यांनी वाळत घातलेले कपडे आत ओढले.

शेठ काही हसले नाहीत. आता संशय घ्यायची पाळी त्यांची.

"घेतो," ते म्हणाले. "पण तुमचा भरोसा नाही काका. अजून काय काय डब्यात ठेवलंय, कोणाला ठाऊक! महिनाभर रोज सकाळी तुम्ही यायचं, चालू करून द्यायचा, माझ्या माणसाला शिकवायचं. नाहीतर सौदा कॅन्सल."

त्र्याहत्तराव्या वर्षी मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली! ट्रकमध्ये हत्तीच्या शेजारी बसलो, हात त्याच्या दातावर. खोटं कशाला बोलू, डोळे पुसायची वेळ आली नाही, ती त्या नोकरीमुळेच.

बायको दारात उभी होती. मला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला म्हणाली,

"एकच भंगार काढा म्हटलं होतं गं. दोन्ही गेली!"