दाव्यावरच्या उड्या

बाईनं बैलाचं दावं ओलांडायचं नाही, असा आमच्याकडे नेम आहे. ओलांडलं तर बैल लंगडतो म्हणतात.

मी चौथीत असताना जुन्या दाव्याची दोरी करून उड्या मारल्या होत्या. त्याच आठवड्यात बैल लंगडला. खुरात बाभळीचा काटा सापडला, पण तोवर घरच्यांनी माझं नाव शाळेतून काढलं होतं. ते परत कोणी घातलं नाही.

यंदा माझ्या पाचवीतल्या नातीची दोरीवरच्या उड्यांसाठी निवड झाली. स्पर्धेला नागभीडला जायचं होतं. घरी दोरी नव्हती, म्हणून तिनंही गोठ्यातलं जुनं दावं घेतलं. माझ्या मुलानं ते हिसकावलं.

“बैल लंगडला त धानाची चिखलणी तू करशील? नाई जायचं नागभीडले.”

पोरगी रिकाम्या हातानं उभी राहिली. मीही अशीच उभी राहिले होते.

मागच्या वर्षी ही पोर प्रार्थनेला उभी राहिली की धापा टाकत खाली बसायची. शाळेतल्या बाईंनी तिला रोज थोड्या थोड्या उड्या मारायला लावल्या. आता भरली घागर घेऊन बोरिंगवरून न थांबता येते, आणि दोन भाकरी जास्त खाते. पावसात मैदानाचा चिखल झाला की बाकीचे खेळ बंद पडतात. हिला वऱ्हांड्यात अंगापुरती जागा पुरते.

मी मुलाला विचारलं, “गोठा कोण झाडते रे?”

“तूच त झाडतेस.”

“दावी कुठी पडून राह्यते?”

“खालीच.”

“मंग शेण काय उडत उडत काढतो मी? लग्न झालं तवापासून रोज चार दावी ओलांडतो. तुह्या बापाचा कोणता बैल लंगडला, सांग मले.”

चुलीपासून सून म्हणाली, “मीबी ओलांडतो.”

मुलगा तिच्याकडे वळला. मग म्हणाला, “पण गावात कोणी विचारलं त?”

“सांगीन. विचारलं नाई तरी सांगीन.”

त्याच्या हातातलं दावं मी काढून घेतलं आणि पोरीला दिलं.

तेच घेऊन ती नागभीडला गेली. तिथे प्लास्टिकची दोरी मिळाली, तर म्हणाली, ही फार हलकी आहे. नंबर आला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे.

बैल धड चालतो.