दोरीच्या शॅकलला नाडा म्हणणाऱ्यांनो, टेम्पो निघाला!

मंडळी, हातावरचा चिखल अजून वाळतोय, पण हे आधी लिहितेय.

दुपारी डोंगरीच्या पुढे किनाऱ्यावर एका मावशींचा मासळीचा टेम्पो निम्म्या चाकापर्यंत रुतला होता. भरती चढत होती. मी जीप लावली, ओढायचा पट्टा काढला आणि तो टेम्पोला जोडायला माझं दोरीचं शॅकल, म्हणजे जोडायची कडी, काढलं. बोटाएवढ्या जाड दोरीचं, मीच विणलेलं.

टेम्पोचा ड्रायव्हर हसला. "मॅडम, ये तो पजामे का नाडा है! लोहेवाला लगाओ."

मी म्हटलं, "लोहेवाला लगाना है तो मैं नहीं खींचूँगी."

गेल्या वर्षी अशाच ओढाओढीत गाडीचा हूक तुटला आणि उडालेल्या लोखंडी शॅकलने माझ्या भावाचा गुडघा फोडला. तो अजून लंगडतोय. दोरीही तुटू शकते, पण ती हलकी असते, लोखंडाइतका घाव घालत नाही.

ड्रायव्हर ऐकेना. शेवटी मावशीच ओरडल्या, "पानी चढतंय, न् तू हसतंस? बाय, तू बांद ती दोरी!"

मी सगळ्यांना लांब पिटाळलं आणि जीप हळूहळू पुढे घेतली. दोनदा टेम्पो जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा बाहेर आला. दोरी शाबूत!

ड्रायव्हर म्हणाला, "नसीब अच्छा था."

असू दे. मी पुढेही दोरीच लावणार.

तुम्ही अजून लोखंडच लावता? मग ओढताना तुमच्या गाडीजवळ कोण उभं असतं, तेवढं सांगा.