एका वकिलाची फेरनेमणूक

उपेक्षितांच्या सेवेचा इतिहास कधीकाळी लिहिला गेलाच, तर त्यात आमच्या गावच्या समितीसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवावं लागेल, असं वकीलसाहेब समितीच्या प्रत्येक बैठकीत सांगत. बैठक वर्षातून एकदा होई, आणि ज्या वर्षी चहावाला आजारी पडला त्या वर्षी झालीच नाही.

आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मध्ये कुठेतरी आहे. पेणचे लोक आम्हाला रोह्याकडचे समजतात आणि रोह्याचे पेणकडचे, त्यामुळे आमची दखल घेण्याचं काम दोघांनीही एकमेकांवर सोडून दिलेलं आहे. गावाला नगरपालिका मिळाली तेव्हा आम्ही एका रात्रीत शहर झालो. शहराला बाग लागते, म्हणून बाग केली. कारंजं लागतं, म्हणून कारंजंही केलं. त्यात पाणी सोडायचं राहून गेलं, पण कारंजं झालं.

त्याच सुमारास नगराध्यक्षांचा भाचा अमेरिकेतून सुट्टीवर आला. तो ज्या शहरात राहायचा तिथे म्हणे काळ्या लोकांच्या प्रश्नांवर सल्ला देण्यासाठी नगरपालिकेने एक समिती नेमलेली होती, आणि तिच्यावर एका वकिलाची नुकतीच फेरनेमणूक झाली होती. भाच्याला त्या समितीविषयी एवढंच माहीत होतं. नगराध्यक्षांना तेवढं पुरेसं होतं. महिन्याभरात आमच्याकडे 'आदिवासी हितरक्षण नागरी सल्लागार समिती' स्थापन झाली. तिकडे वकील होता म्हणून इकडेही वकील घेतला. शिक्षणक्षेत्राचा प्रतिनिधी म्हणून मला घेतलं. मी शाळेत भूगोल शिकवत असे, आणि अमेरिका नकाशावर नक्की कुठे आहे हे विचारायला कोणीतरी हाताशी असावं असा त्यामागे विचार असावा.

ज्यांचं हित रक्षायचं ते लोक गावाच्या कडेला, खाडीच्या बाजूला राहत. पन्नासेक झोपड्यांची कातकऱ्यांची वाडी होती. माणसं शेतावर, वीटभट्टीवर, मिळेल तिथे मजुरीला जात. वाडीचा प्रश्न एकच होता आणि तो समजायला समितीची गरज नव्हती. उन्हाळ्यात खाडीचं पाणी आत चढे आणि वाडीच्या विहिरीचं पाणी खारट होई. नगरपालिकेचा नळ मोरीच्या अलीकडे संपत असे आणि वाडी मोरीच्या पलीकडे होती. नळ पलीकडे नेण्याचा विषय आमच्या पहिल्याच बैठकीत निघाला, त्यावर सखोल चर्चा झाली, आणि मोरीला काय म्हणावं, पूल की मोरी, यावर ती संपली.

आता वकीलसाहेबांविषयी. ते राहायला वरसे गावात होते, रोह्याच्या कोर्टात जमिनीचे दावे चालवत आणि अंगात कायम पांढरंशुभ्र घालत. त्यांच्या दारावरच्या पाटीवर नावाखाली पदव्या होत्या आणि पदव्यांखाली आमच्या समितीचं सदस्यत्व होतं, तेही पदव्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त कुठेही नुसतं जाता येत नसे. ते भेट देत. भेट द्यायची तर आठ दिवस आधी नगरपालिकेला कळवत: अमुक वारी अमुक वाजता सदस्य महोदय वाडीस भेट देणार आहेत, तरी योग्य ती व्यवस्था व्हावी. आणि त्यांना धुळीचं वावडं होतं. वाडीकडे जाणारा रस्ता मातीचा. पहिल्या भेटीत गाडीमागून आलेला लोट नाकात गेला आणि त्यांनी 'बंधुभगिनींनो' या शब्दापासून 'आभारी आहे'पर्यंत सगळं भाषण शिंकांमध्ये केलं. पोरं तर इतकी खूश झाली की भाषण पुन्हा करा म्हणू लागली.

नगरपालिकेने हे मनाला लावून घेतलं. पुढच्या भेटीपासून आदल्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पावडरीच्या रेघा पडू लागल्या, आणि भेटीच्या सकाळी पाण्याचा टँकर येऊन रस्ता भिजवू लागला. नगरपालिकेकडे एकच टँकर होता. तो वाडीला प्यायला पाणी म्हणून पाठवायचा तर ठराव, अंदाजपत्रक, पाणीटंचाई जाहीर झाल्याचा कागद असं बरंच काही लागे. पाहुण्यांसाठी रस्त्यावर मारायला पाठवायचा तर काहीच लागत नसे, तो शिष्टाचार होता. माणसाच्या घशाला कोरड पडली तर मंजुरी हवी, रस्त्याला पडली तर नको.

रस्ता लहान होता आणि टँकर मोठा. रस्ता भिजून झाला तरी अर्ध्याहून जास्त पाणी उरे. ड्रायव्हरला ते परत ओढत न्यायचा कंटाळा. तो वाडीत टँकर उभा करून तोटी सोडून देई आणि विडी ओढत बसे. बाया हंडे, कळश्या, डबे, जे हाताला लागेल ते घेऊन येत. वकीलसाहेब दहा वाजता येईपर्यंत सगळ्या वाडीचं पाणी भरून झालेलं असे आणि सगळी वाडी त्यांच्या स्वागताला हसतमुख उभी असे. 'काय हे लोकांचं प्रेम!' असं ते मला म्हणत.

हळूहळू वाडीला त्यांची फार ओढ लागली. उन्हाळा आला की दर आठवड्याला एखादं निमंत्रण जाई. बारशाला या. समाजमंदिराच्या जागेवर दगड ठेवायला या. तिथे दगड होतेच, त्यातला एक त्यांनी उचलून दुसरीकडे ठेवला. एकदा त्यांनी कोंबड्यांच्या नव्या खुराड्याची फीत कापली आणि स्वयंरोजगारावर अर्धा तास बोलले. कोंबड्या आत जायला तयार नव्हत्या, तर त्यावरही बोलले.

अशी तीन वर्षं गेली आणि ऐन उन्हाळ्यात समितीची मुदत संपली. इथे नगराध्यक्षांच्या डोक्यात एक चांगला विचार आला. त्यांना असे विचार क्वचित येत, त्यामुळे ते हट्टाला पेटत. वकिलांच्या जागी या वेळी गावातल्या डॉक्टरांना घ्यायचं असं त्यांनी ठरवलं. हे डॉक्टर खरोखरच वाडीचे होते. रात्री-अपरात्री सायकल मारत जात, तापकऱ्याच्या उशाशी बसत, औषधाचे पैसे मागायला विसरत. गावात सगळ्यांना निवड पटली. मलाही पटली. मी तसं सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडीतली एक आजी माझ्या ओटीवर येऊन बसली. वाडीचं कुठलंही बोलणं तिच्याशिवाय पुरं होत नसे. बरोबर तिची सून होती.

"मास्तर, वकिलाला काडतात म्हनं?"

"काढत नाहीत आजी. मुदत संपली. आता तुमच्या डॉक्टरांना घेणार. चांगलं झालं ना?"

"कसलं चांगलं?" आजी म्हणाली. "डाक्टर आमचा देवमानूस हाय. त्याला कशाला समितीत घालता?"

"अहो, ते तुमच्यासाठी येतात, धावपळ करतात..."

"येतो गो बाय, येतो," ती माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाली, "पन मास्तरला सांग, कशावर येतो."

"सायकलीवर," सून म्हणाली.

"आनि सांगून येतो का?"

"नाय."

"सायकलीनं धूळ उडते का?"

"कवढीशी उडनार!"

आजी माझ्याकडे वळली. "समजलं का मास्तर? का फळ्यावर लिवून दाखवू?"

मला समजलं. मी तीन वर्षं त्या समितीवर होतो आणि वाडीला पाणी मिळवून देणारं समितीतलं एकमेव काम म्हणजे वकीलसाहेबांचं शिंकणं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. विहीर तर खारट झालीच होती. सायकलवाला सज्जन माणूस नेमला गेला असता तर वाडीच्या बायांना पावसापर्यंत मोरीच्या अलीकडच्या नळावर येऊन गावाच्या शिव्या खात हंडे भरावे लागले असते.

"डॉक्टरांना सांगितलंत का हे?" मी विचारलं.

"सांगितलं. हसला मेला पोट धरून. म्हनला, आजी, मी नाय म्हनतो, पन वकिलासाठी तुमीच बोला."

नेमणुकीची बैठक नगरपालिकेच्या सभागृहात झाली. वाडीतल्या पंधरा-वीस बाया येऊन जमिनीवर बसल्या. खुर्च्यांवर बसा म्हटलं तर म्हणाल्या, खुर्च्या वकीलसाहेबांच्या मानसांना ठेवा. वकीलसाहेबांची माणसं म्हणजे ते स्वतः आणि त्यांची पिशवी धरणारा कारकून. साहेब मान खाली घालून बसले होते. दारावरच्या पाटीतली सगळ्यात मोठी ओळ पुसायला लागणार हे त्यांनी मनाशी धरलं असावं.

नगराध्यक्षांनी डॉक्टरांच्या सेवेचा गौरव केला. डॉक्टर उठले, दवाखान्यामुळे सवड नाही म्हणाले आणि हसू दाबत बसले. नगराध्यक्ष गोंधळले. त्यांनी बायांकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं? मोकळेपणाने बोला."

आजी उठली. "आमाला वकीलसाहेबच पायजेत."

"पण का? त्यांनी वाडीसाठी काय केलं, ते सांगाल का?"

हा प्रश्न अवघड होता. वकीलसाहेबांनीही उत्सुकतेने मान वर केली. त्यांनाही ते ऐकायचं होतं.

"ते येतात," आजी म्हणाली.

"येतात, म्हणजे?"

"सांगून येतात. गाडीतनं येतात. तुमचा समदा कारभार हालवून येतात. गरिबाच्या घरी असा कोन येतो, सांगा!"

मागून बायांनी "व्हय, व्हय" केलं. एक म्हणाली, "आले की वाडी कशी गार गार वाटते." तिला शेजारणीने कोपर मारलं.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. डोळ्यांत पाणी होतं. धूळ नसतानाही त्यांना तसं होऊ शकतं, हे मी प्रथमच पाहत होतो. नगराध्यक्ष भाच्याला आठवत म्हणाले की अमेरिकेतही शेवटी वकिलाचीच फेरनेमणूक झाली होती, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

सत्कार अर्थात वाडीत ठरला. सकाळी टँकर आला, रस्ता भिजला, हंडे भरले. शाल आणि नारळ झाल्यावर नगराध्यक्षांनी हमरापूरच्या एका मूर्तींच्या कारखान्यातून मुद्दाम घडवून आणलेला वकीलसाहेबांचा प्लास्टरचा पुतळा त्यांच्या हाती दिला. चेहरा बऱ्यापैकी जमला होता. पण साचे वर्षानुवर्षं एकाच देवाचे असल्यामुळे वकीलसाहेब सिंहासनावर मांडी घालून, पोट सोडून, उजव्या हाताने आशीर्वाद देत बसलेले होते. कान जरा मोठे होते. सुनेने पुढे होऊन पुतळ्याला हळदकुंकू लावलं. ते बघून दोघी-तिघींनी हातही जोडले. वकीलसाहेबांनी ते थांबवलं नाही.

मग ते बोलायला उभे राहिले, आणि इथे सगळ्यावर पाणी पडायची वेळ आली, म्हणजे न पडायची.

"बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "तुमच्या प्रेमाने मी बदललो आहे. हा थाट, ही गाडी, ही आगाऊ सूचना मला आता नको. यापुढे मी पाहुणा म्हणून येणार नाही. न कळवता, पायी, तुमच्यातलाच एक होऊन येईन!"

टाळ्या वाजल्या नाहीत. टँकरच्या सावलीत बसलेला ड्रायव्हरसुद्धा उठून उभा राहिला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुठल्याही समाजसेवकाच्या त्यागाने मी इतकी माणसं एकदम घाबरलेली पाहिली नाहीत.

आजी उठली. "नाय, नाय! असं करू नका साहेब."

"आजी, माझा निर्धार झाला आहे."

"निर्धार ऱ्हाऊ द्या तिकडं. न सांगता आलात आनि आमी समदी कामावर असलो, तर? तुमी येऊन उन्हात हुबे, आनि बघायला कोन नाय. पेन-रोह्यात काय म्हनतील? वाडीला मानपान कळत नाय म्हनतील. आमाला तोंड दाखवायला जागा हाय का मग?"

वकीलसाहेब थबकले. उन्हात उभे, आणि बघायला कोणी नाही, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलेलं स्पष्ट दिसत होतं.

"मी माझ्यापुरतं म्हणत होतो," ते म्हणाले.

"तुमचं नाय हो ते, आमच्या वाडीच्या अब्रूचं हाय. आठ दिस आधी कळवाच. मंग पायी या नायतर घोड्यावर या."

"गाडीनं या," सून घाईने म्हणाली.

"व्हय, गाडीनंच या."

त्यांनी दोन्ही हात वर केले. "तुमच्या भावनेपुढे मी माझी तत्त्वं बाजूला ठेवतो," असं म्हणाले आणि मग टाळ्या पडल्या, त्या थांबेनात. नगराध्यक्ष मला हळूच म्हणाले, लोकांमध्ये एवढं स्थान असलेला माणूस आपण काढायला निघालो होतो. मी म्हटलं, खरं आहे.

नळ पुढे मोरी ओलांडून गेला, पण तो बऱ्याच वर्षांनी, आणि त्याच्या उद्घाटनाला वकीलसाहेबांना बोलवायचं कोणालाच सुचलं नाही. त्या उन्हाळ्यात मात्र पावसाला सुरुवात होईपर्यंत वाडीत गोडं पाणी कमी पडलं नाही. बारशी संपली होती, ठेवायला दगड उरले नव्हते, म्हणून वाडीने वकीलसाहेबांचा वाढदिवस साजरा केला. एकदा तारखेने आणि एकदा तिथीने. दोन्ही वेळा ते आठ दिवस आधी कळवून आले आणि फार भारावले. त्यांचा जन्म मार्गशीर्षातला आहे.