आठव्या कप्प्यातली अम्मा

मद्रासच्या कोडंबाक्कममधल्या सिनेमाच्या स्टुडिओंत एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडला तर पोटावर पाय आलाच म्हणून समजा. ट्रॅक गाणारीनं फार चांगलं गाऊ नये. सूर नीट लावावा, ताल सांभाळावा, शब्द स्वच्छ म्हणावेत आणि घरी जावं. मोठ्या गायिकेला तारीख नसली की शूटिंग खोळंबू नये म्हणून आधी घ्यायचं कच्चं गाणं म्हणजे ट्रॅक. त्यावर नटी ओठ हलवणार. मग सवडीनं मोठ्या बाई येणार, कानाला हेडफोन लावून ते ऐकणार, स्वतःचं गाणार, आणि ट्रॅकवालीचा आवाज पुसला जाणार. टेपच्या डब्यावर मात्र पहिल्या दिवसापासून नाव मोठ्या बाईंचं. पुसायच्या आवाजाचं नाव कोण कशाला लिहील?

तिलकवतीनं हा कायदा बारा वर्षं पाळला आणि एका दुपारी मोडला. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती, आणि आज ती त्याच स्टुडिओत, त्याच काचेसमोर पदर घट्ट धरून बसली होती.

त्या मोठ्या बाई, कनकवल्लीअम्मा, जाऊन बारा दिवस झाले होते. अख्खं मद्रास अजून त्यांच्याच गाण्यांवर जगत होतं. फुलवाल्या, इस्त्रीवाले, रिक्षावाले, सगळीकडे कनकम्मा. आणि अशात स्टुडिओच्या माळ्यावर एक डबा सापडला. डब्यावर कनकम्मांचं नाव, आत कधीच बाहेर न आलेलं गाणं. सहा वाजता टीव्हीवर श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता आणि सकाळपासून पडद्याखाली पट्टी फिरत होती, अम्मांचं अखेरचं न ऐकलेलं गाणं म्हणून. आता साडेचार वाजत आले होते.

"अक्का, तुम्हाला फार काही करायचं नाही," टीव्हीवाली जोव्हिता म्हणाली. पोरगी चुणचुणीत, पण तिचा एक डोळा सारखा घड्याळावर. "त्या रेकॉर्डिंगला हजर असलेलं आता कुणी उरलं नाही. संगीतकार मास्टर गेले, जुने इंजिनिअर गेले. सबेसन सरांना तुमचं नाव आठवलं. गाणं ऐकायचं, कॅमेऱ्यासमोर म्हणायचं, हो, मी तेव्हा इथं होते, हा अम्मांचाच आवाज. आणि या कागदावर सही. झालं."

सबेसन म्हणजे कनकम्मांचा मुलगा. साठीला आलेला, मुंडण केलेला, डोळे सुजलेले. त्यानं नुसती मान हलवली. यंत्रापाशी बसलेल्या इंजिनिअरनं, इन्बानं, बटण दाबलं.

व्हायोलिनं वाजली आणि पहिल्याच सुरात तिलकवतीनं गाणं ओळखलं.

नदीच्या उताराशी नावेची वाट बघणाऱ्या आईचं गाणं ते. रत्नसभापती मास्टरांनी चाल बांधली होती. तिसऱ्या कडव्यात एक ओळ लांबच लांब, वळणं घेत खाली उतरणारी. मध्ये श्वासाला जागा ठेवलेली. मास्टरांनी बजावलं होतं, "इथं थांबायचं, दम घ्यायचा, पुढं जायचं. अम्मांनाही तिथंच घ्यायचाय." आणि तिलकवतीनं तिथं दम घेतला नाही. का, ते तिला आजवर कळलेलं नाही. तिचे वडील कुंभकोणमकडच्या देवळात सनईसारखं नादस्वरम वाजवायचे. दम वाढावा म्हणून लहानपणी तिला देवळाच्या तळ्यात बुडी मारायला लावून ते काठावर आकडे मोजायचे. तो दम त्या दुपारी उगाच वर आला. ओळ तिनं एका श्वासात तळापर्यंत नेली आणि डोळे उघडले तर काचेपलीकडे मास्टरांचा चेहरा काळाठिक्कर.

पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. कनकम्मा त्या दिवशी अचानक मोकळ्या झाल्या आणि तासाभरात दारात हजर. आल्या आल्या त्यांनी आपल्या थर्मासमधलं गरम पाणी नेहमीप्रमाणं तिलकवतीला दिलं, "घसा शेक गं बाई," म्हणाल्या आणि आत गेल्या. बारा वर्षांत असं गरम पाणी दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं, घरच्यांनीही नाही.

थोड्या वेळानं मास्टर एकटेच बाहेर आले.

"झालं समाधान? त्या गाणार नाहीत म्हणाल्या. तुझ्यामुळे. पंचावन्न वर्षांच्या बाईला तोंडघशी पाडलंस. दम आहे म्हणून मिरवायला आली होतीस होय? त्या बाहेर यायच्या आत मागच्या दारानं चालती हो."

ती गेली. पण पाय निघेना म्हणून समोरच्या चहाच्या टपरीशी घुटमळली. तेवढ्यात कनकम्मा बाहेर आल्या. गाडीचं दार उघडं ठेवून फाटकाशी उभ्या राहिल्या आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या. मला शोधताहेत, चारचौघांत झाडणार, असं वाटून तिलकवती टपरीमागे लपली. गाडी गेल्यावरच ती बाहेर आली.

गाणं सिनेमातून वगळलं गेलं. मास्टरांनी तिला परत बोलावलं नाही, आणि मास्टरांनी टाकून दिलेल्या बाईला दुसरं कोण बोलावतंय? तिनं इडलीचं पीठ दळून विकलं, गल्लीतल्या पोरींना गाणं शिकवलं, नवऱ्याच्या शिलाई मशीनशेजारी उभं आयुष्य काढलं. काम गेल्याचं दुःख तिनं पचवलं. अम्मांना दुखावल्याचं नाही पचलं. एकदा मोगरा घेऊन ती अभिरामपुरमला त्यांच्या बंगल्यापर्यंत गेली होती, फाटकावरच्या गुरख्यानं "काय काम?" विचारलं आणि ती काही न बोलता परत फिरली. बारा दिवसांपूर्वी अंत्यदर्शनाच्या रांगेत पाच तास उभी राहिली, आणि काचेच्या पेटीपाशी पोचल्यावर तोंडाकडे बघायचं धाडस होईना म्हणून नुसते पाय बघून आली.

आता ती ओळ आली. उतरत, वळत, न थांबता तळापर्यंत गेली. सबेसननं चेहरा ओंजळीत धरला आणि तो हमसून रडायला लागला. जोव्हितानं डोळे पुसले आणि कागद पुढं सरकवला.

तिलकवतीच्या मनात आलं, करून टाकावी सही. आपला आवाज आज घराघरांत वाजेल, अम्मांच्या नावानं का असेना. त्यांच्या पायाशी वाहिला म्हणायचं. कुणाचं काय जातंय? तिनं पेन उचललंसुद्धा. पण एका मैफलीत लोकांनी दुसरीच्या गाण्याची फर्माईश केली तेव्हा कनकम्मा माइकवर काय म्हणाल्या होत्या ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ते गाणं माझं नाही, टाळ्या चुकीच्या दारात टाकू नका. अशा बाईच्या तेराव्याला तिच्या पदरात खोटं घालायचं?

तिनं पेन खाली ठेवलं.

"या अम्मा नाहीत."

"म्हणजे?" जोव्हिता म्हणाली.

"आवाज अम्मांचा नाही. ट्रॅक आहे हा. मी गायलेला."

मग सबेसन उठला.

"माझ्या आईचा आवाज मला तुम्ही शिकवणार?"

"सबेसन तंबी, ऐका माझं."

"मला तंबी, धाकटा भाऊ म्हणू नका. तिची राख अजून निवली नाही आणि तुम्ही वाटा मागायला आलात. सव्वीस वर्षं कुठं होतात? ती जिवंत असताना का नाही सांगितलंत?"

"अक्का, डब्यावर नाव आहे," जोव्हिताचा आवाज आता गोड राहिला नव्हता. "दीड तासात आम्ही लाइव्ह जातोय. सकाळपासून लोक वाट बघताहेत. तुम्हाला टीव्हीवर यायचंय तर सरळ सांगा ना, दोन मिनिटं तशीही देते."

बारा वर्षांत तिनं कधी कुणाकडे नाव मागितलं नव्हतं, आणि आज तिच्यावर नाव चोरल्याचा आळ. तिनं यंत्राकडे बोट केलं.

"डब्यावर नाव मोठ्या गायिकेचंच असायचं. तो रिवाज होता. तंबी इन्बा, मला सांग, हा आवाज टेपच्या कितव्या कप्प्यात आहे?"

"सातव्या."

"टेपवर प्रत्येक आवाजाला वेगळा कप्पा असायचा, ट्रॅक सातव्यात घ्यायचे. आठवा अम्मांसाठी मोकळा ठेवायचे. अम्मा गायल्या असत्या तर आठव्यात असत्या."

इन्बा गोंधळला. बिचारा कॉम्प्युटरवर वाढलेला, टेप त्यानं महिन्याभरापूर्वी पहिल्यांदा हातात धरली होती. "आठव्यात काहीच नाही वाटलं मला. सुरुवातीला नुसतीच खरखर होती. म्हणून मी तो घेतलाच नाही."

"लाव तो," सबेसन म्हणाला. "संपूर्ण लाव. आणि मग या बाईंना बाहेर काढा."

आणि आत्ता कुठं तिलकवतीच्या लक्षात आलं की आपण काय मागितलंय. त्या दुपारी अम्मा आत होत्या. टेप फिरत होती. माइक चालू होता. मास्टरांनी जे चार शब्दांत सांगितलं, ते अम्मा स्वतःच्या तोंडानं बोलल्या असणार आणि ते सगळं त्या आठव्या कप्प्यात असणार. ते आता या सगळ्यांसमोर तिला ऐकावं लागणार. "थांब" हा शब्द ओठांवर आला. ती उठून दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

खरखर. बांगड्यांचा आवाज. कुणीतरी हलकं खोकललं. सबेसन ताठ झाला, आईचा खोकला मुलाला ओळखायला कॉम्प्युटर लागत नाही. दूर कुठंतरी, हेडफोनमधून पाझरलेलं, तेच गाणं वाजत होतं, मुंगीएवढं. ती लांब ओळ आली आणि तिच्यासोबत कनकम्मा गाऊ लागल्या. हळू, स्वतःशीच. अर्ध्यावर दम तुटला. गाणं पुढं गेलं तरी त्यांनी तीच ओळ परत धरली. ती पुन्हा अर्ध्यावर तुटली. तिसऱ्यांदा त्या गायल्याच नाहीत, नुसता गाणं ऐकतानाचा श्वास आला.

मग त्या बोलल्या.

"मास्टर, नाही हो जमत. पाच वर्षांपूर्वी जमलं असतं. मध्ये दम घेतला तर ओळ मरते, मी करून बघितलं." मास्टर हेडफोनमधून काहीतरी म्हणाले, कळलं नाही. "नाही, राग कसला? चांगलं गायली तर रागवायचं? तिचंच ठेवा. प्रोड्युसरशी मी बोलते, माझं नाव काढा म्हणते." पुन्हा मास्टर. "ते मला नका सांगू. तिलका बाहेर आहे ना? तिला जाऊ देऊ नका. थांबायला सांगा, मला भेटायचंय तिला. मी आलेच." हेडफोन ठेवल्याचा खट्ट आवाज आला आणि पुढं नुसती फिरणारी टेप.

सबेसन खाली बसला. मग दाराकडे न बघताच तो म्हणाला, "अक्का, चुकलो मी."

जोव्हिता फोनवर बोलायला लागली होती, कार्यक्रम बदलायचा, दोन्ही आवाज लावायचे, पट्टीवरचं नाव बदला, अक्कांना साडी बदलायला गाडी पाठवा. फोन कानापासून बाजूला करून तिनं विचारलं, "तिलकवती की तिलकावती? नाव नीट सांगा, पडद्यावर जाणार आहे."

तिलकवतीला ते ऐकूच आलं नाही. तिला फाटकाशी उभ्या राहून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघणाऱ्या कनकम्मा दिसत होत्या. ती दारापासून परत आली आणि इन्बाच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"तंबी, परत लाव."

"गाणं?"

"गाणं नको. ते शेवटचं बोलणं."

इन्बानं लावलं. तिलका बाहेर आहे ना? तिला जाऊ देऊ नका. त्यानं ते तिनं न सांगताच पुन्हा एकदा लावलं.

"टपरीमागे होते, अम्मा," तिलकवती म्हणाली. "समोरच होते."