ओढायचं नाही, सरकवायचं

माझा वरचा पुढचा दात अर्धाच आहे. उरलेला अर्धा नत्थू गजभियेनं पाडला. लाकडाच्या ठोकळ्यानं, आमच्या दवाखान्यात, सकाळी सव्वाअकराला, भरल्या वेटिंग रूममध्ये. त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या एका माणसाबद्दल, आणि ती मी करणार आहे.

मी शेखर. रायपूरच्या समता कॉलोनीत डॉक्टर शरच्चंद्र यांचा हाडांचा दवाखाना आहे, तिथे काउंटरला बसतो. वडील रेल्वेत होते, वर्ध्याहून इकडे आले, म्हणून मी इथला. नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि ज्याच्या त्याच्या अंगात साहेब शिरला. ऑफिस म्हटलं की माशांची टाकी हवीच. आमच्या बिल्डिंगचा मालक भैय्यालाल हा ठेकेदार. सरकारी इमारतींची कामं मिळू लागल्यापासून हा माणूस वास्तुवाल्याला विचारल्याशिवाय शिंकतही नसे. त्याच्या हट्टापायी आमच्या वेटिंग रूममध्ये सहा फुटांची टाकी आली. काच बोटभर जाड. आत एकच मासा, हातभर लांब, रुपेरी, तोंड कायम कुणावर तरी रागावलेलं. टाकी भैय्यालालची, मासा त्याचा, नशीबही त्याचंच उघडणार होतं. शेवाळ तेवढं आमच्या वाट्याला.

ते शेवाळ काढायला दर गुरुवारी नत्थू यायचा. पन्नाशीचा, ठेंगणा, मान जाड. लुनावर त्याच्या मागे धाकटा भाऊ लहानू, मांडीवर बादली घेऊन. दोघं मूळचे तुमसरकडचे, राहायला गुढियारीत. लहानूच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. पूर्वी दोघं शेजारच्या उरला गावात स्पंज आयर्नच्या कारखान्यात होते. तिथे कोळशातून लोखंड निवडायला मोठाली चुंबकं असतात. त्र्याण्णव साली लहानू चुंबकाची पाटी साफ करत होता. हातातलं लोखंडी फावडं खेचलं गेलं आणि पंजा फावड्याखाली दाबला गेला. माणसं धावली. भली माणसं होती. त्यांनी त्याला कमरेला धरून मागे ओढलं. लहानूची शुद्ध हरपली आणि तीन बोटं पाटीवरच राहिली.

"फावडं बाजूले सरकवलं असतं ना भैया, तर बोटं वाचली असती," नत्थू मला दर महिन्याला एकदा तरी सांगायचा. "चुंबक बोट तोडत नाही. ओढणारा तोडते."

आमच्या काचेला बाजारातलं साधं चुंबक धरत नव्हतं, म्हणून नत्थूनं कलकत्त्याहून जबरदस्त ताकदीची जोडी मागवली होती. साबणाच्या वडीएवढे दोन तुकडे, एक पाण्यात आतून, दुसरा बाहेरून. बाहेरचा फिरवला की आतला काच घासत त्याच्या मागे जातो. बघायला गंमत, पण नत्थूसमोर गंमत म्हणायची सोय नव्हती. जोडी लाकडी पेटीत असायची, मध्ये जाड ठोकळा. पेटी उघडण्याआधी तो खोलीभर नजर फिरवून विचारायचा, "छातीत मशीन बसवलेला कोणी आहे काय? दूर त्या कोपऱ्यात बसा." मग घड्याळं, मोबाईल, किल्ल्या लांब. आतला तुकडा दोरी बांधून पाण्यात सोडायचा. बाहेरचा तुकडा समोरासमोर कधीच लावायचा नाही, लांब कोपऱ्यात कडेवर टेकवायचा आणि हळूहळू सरकवत आतल्याजवळ न्यायचा. तळातल्या रेतीपासून चार बोटं वर राहायचं, कारण एक कण अडकला तरी काचेवर कायमचा ओरखडा. काढतानाही तसंच, सरकवत कडेबाहेर.

या कामात तो कुणाची गय करत नसे. एका पेशंटच्या मेव्हण्यानं "देखूं तो" म्हणत हात पुढे केला, त्याच्या मनगटावर नत्थूनं असा फटका मारला की तो मेव्हणा स्वतःच एक्स-रे काढून घ्यावा का म्हणून विचारू लागला. एका औषध कंपनीच्या माणसाला त्यानं कॉलर धरून पायऱ्यांपर्यंत नेलं. मी चिडायचो. दवाखाना आहे की आखाडा, म्हणायचो. तो हसायचा नाही. "मार खाल्लेला माणूस घरी जाते, भैया. दहा बोटं घेऊन जाते," म्हणायचा.

त्या गुरुवारी काच अर्धी झाली होती. पॅडमध्ये रेतीचा कण दिसला म्हणून नत्थूनं काम थांबवलं. बाहेरचा तुकडा प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवला, आतला दोरीनं वर काढला आणि टाकीखालच्या लाकडी फळीवर ठेवला, चांगला तीन हात लांब. कण काढायला तो वाकला तेवढ्यात भैय्यालाल आला. सोबत त्याची दोन माणसं, जाडजूड, दिवसभर नुसती त्याच्या मागे चालणारी. टाकी अर्धीच स्वच्छ बघून त्याचं डोकं फिरलं. त्यानं स्टुलावरचा तुकडा उचलला. भैय्यालालच्या उजव्या मधल्या बोटात लोखंडी छल्ला होता, शनीसाठी घातलेला.

"शेठ, छल्ला!" नत्थू ओरडला. "छल्ला उतारो, दूर राहा!"

"काले घोड़े के नाल का है," भैय्यालाल म्हणाला. "पंडितजी ने पहनाया है. मछली धोने वाला उतरवाएगा?" आणि डाव्या हातानं नत्थूच्या तोंडात मारली.

मारताना उजवा हात, ज्यात चुंबक होतं, तो आवळला गेला आणि छल्ला चुंबकाला चिकटला. हे त्याला कळलं तसा तो घाबरला. घाबरलेला माणूस काय करतो? हात झटकतो. झटकत झटकत तो मागे सरला, फळीजवळ. फळीवरचा तुकडा नुसता उडाला. खट्ट असा आवाज झाला, कुणी अक्रोड फोडावा तसा. बोट दोन चुंबकांच्या मध्ये. भैय्यालाल जे किंचाळला ते मी अजून विसरलो नाही.

आणि आम्ही धावलो. भली माणसं होतो ना आम्हीही! शेठच्या एका माणसानं एक तुकडा धरला, दुसऱ्यानं दुसरा, मी भैय्यालालला कमरेला विळखा घातला. जोर लावा, जोर लावा! पहिल्याच हिसक्यात कातडं सोललं गेलं, रक्ताची धार माझ्या शर्टावर आली. आणखी दोन हिसके बसले असते तर बोट गेलंच होतं. हे मी म्हणत नाही, नंतर डॉक्टर म्हणाले.

"ओढू नका रे!" नत्थू ओरडला. ऐकतो कोण? मग तो तुटून पडला. पहिल्या माणसाच्या डोक्यात त्यानं पाण्याची बादली घातली, पाण्यासकट. दुसऱ्याच्या गुडघ्यावर लाथ मारली, तो खुर्च्यांवर कोसळला. लाकडाचा ठोकळा माझ्या तोंडावर बसला आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी त्यानं भैय्यालालच्या कानाखाली जाळ काढला. एक नाही, दोन. "हलू नको! हलला तं बोट जाईल!" दुसऱ्या थपडेला भैय्यालाल लहान मुलासारखा गप्प झाला.

पुढे सगळं हळू झालं, आणि मी तोंडात रक्त धरून ते पाहिलं. नत्थूनं भैय्यालालला बाकाजवळ गुडघ्यावर बसवलं. खालचं चुंबक बाकाच्या कडेला अडवलं. वरच्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि सगळं अंग टाकून ते आडवं रेटू लागला, केसभर, मग आणखी केसभर. जिथे फट पडली तिथे लहानूनं आपल्या दोन बोटांच्या हातानं ठोकळ्याचं टोक घुसवलं. तुकडा निसटला तर लहानूची उरलेली बोटंही गेली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं. वरचा तुकडा कडेबाहेर आला तसा नत्थू तो छातीशी धरून धावत रस्त्यापलीकडे गेला.

डॉक्टरांनी छल्ला कापला. हाड तडकलं होतं, टाके सोळा पडले, पण बोट राहिलं. "नत्थूनं वाचवलं," डॉक्टर भैय्यालालला दोनदा म्हणाले. भैय्यालालनं एकदाही मान वर केली नाही. माझी तक्रार इथून सुरू होते. त्याला बोट वाचल्याचं सुख नव्हतं. गुढियारीतल्या टाकी धुणाऱ्यानं चारचौघांत आपल्याला थोबाडलं, एवढंच त्याच्या डोक्यात भिनलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नत्थू दवाखान्यासमोर लुना लावत होता. तीच दोन माणसं गाडीतून उतरली. एकानं त्याला भिंतीला दाबलं, दुसऱ्यानं त्याचा उजवा हात लुनाच्या सीटवर आडवा धरून त्यावर लोखंडी गज घातला. तीनदा. मी काचेच्या दारातून पाहिलं. सलाईनचा स्टँड उचलून मी धावलो आणि गजवाल्याच्या पाठीत घातला. आयुष्यात मी मारलेला तो एकमेव माणूस, आणि मला आणखी मारायचा होता. ते गाडीत बसून पळाले. पोलिसांत मी भैय्यालालचं नाव स्पष्ट लिहून दिलं. महिन्याभरात त्यानं डॉक्टरांना जागा खाली करायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, करू. हा राग माझ्या मनातून जात नाही आणि मला तो घालवायचाही नाही.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. नत्थूच्या हाताला प्लास्टर चढलं होतं. मी ठेल्यावरून चहा आणला. लहानू स्टुलावर बसला होता.

"भाऊ, एक सांग," तो म्हणाला. "त्या शेठचं बोट वाचवासाठी तू चौघाइले मारलं. माया वेळेस काहून नाही मारलं कोणाले?"



"कोणाले मारू?" नत्थू म्हणाला. "सगळ्यात पुढं मीच होतो. तुई कंबर मीच धरली होती, लहानू. जोर लावा म्हणून मीच ओरडलो."

लहानू उठला. त्यानं डावा हात उचलला आणि नत्थूच्या गालावर इतक्या जोरात मारली की आतून डॉक्टर बाहेर आले. नत्थूनं तोंड चुकवलं नाही, गाल तसाच पुढे ठेवला. लहानूनं हात पुन्हा उचलला. पण मारला नाही, तसाच खाली घेतला.

मग त्यानं माझ्याकडून चहाचा ग्लास घेतला आणि भावाच्या तोंडाशी धरला.

"पी," तो म्हणाला. "गरम आहे, फुकून पी."