भिंतीवरचा थर्मास

हवेशी उभा दावा मांडून बसलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आहे, आणि तो म्हणजे माझी धाकटी मावशी. माणसांशी तिचं कधी वाकडं नव्हतं. तिचं भांडण फक्त हवेतल्या ओलीशी. मालवणजवळ अगदी खाडीला लागून घर, मागे माड, पुढे खारं पाणी, आणि अशा ठिकाणी राहून हिला सगळं कोरडं ठाक हवं! श्रावणात ती वर्तमानपत्राला इस्त्री करून मग वाचते. काड्यापेटी तांदळाच्या डब्यात, मिठाची बरणी चुलीशेजारी आणि साड्यांच्या प्रत्येक घडीत कडुनिंबाचा पाला. तिच्याकडे पापड खाताना कुरकुरीत आवाज आला नाही, तर पाहुण्याच्या हातातून पापड काढून घेतला जातो. "हंय माणूस पण सादाळता रे," ती म्हणते. "गजाली मारूक कोण नसलो काय पापडासारखो नरम पडता." यावर आम्ही भाचरं नेहमी पोट धरून हसायचो.

मावशीने लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती, आणि मुंबईच्या चाकरमान्यांचे ट्रंक कॉल त्यांच्या घरच्यांना जोडून देण्यात तिची नोकरी सरली. गाव तिला अजून टेलिफोनबाय म्हणतं. नोकरी सुटली, पण लाइन मोकळी ठेवायची सवय काही सुटली नाही. कामाशिवाय केलेला फोन हा तिच्या लेखी गुन्हा आहे. मी पुण्याहून सहज म्हणून फोन केला की पलीकडून जरबेचा आवाज येई, "काम काय ता सांग." काम काही नाही म्हटलं की, "मगे लाइन कित्याक अडवतस?" आणि खट्! मग मीही काम असेल तेव्हाच फोन करू लागलो. आता पुण्यात बसून माझं खाडीकाठी असं काम तरी काय निघणार?

मे महिन्यात आम्ही गेलो की उकाड्याने हैराण होतो, म्हणून तिने आमच्यासाठी माजघरात एसी बसवला होता. आमचं जाणं कमी कमी होत गेलं आणि एसी तेवढा राहिला. मग तिने हवेतली ओल ओढून घेणारं एक यंत्र आणलं. कधी हे चालू कर, कधी ते बंद कर, या उठाठेवीने ती मेटाकुटीला आली. तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं की भिंतीवर लावायचा एक स्मार्ट थर्मोस्टॅट मिळतो. हवा किती तापली, किती दमट झाली हे ओळखून तो दोन्ही यंत्रं आपली आपण चालवतो. गावाने त्या थर्मोस्टॅटचा दोन दिवसांत थर्मास करून टाकला. "बाय आता भिंतीर टांगूचो थर्मास घेता म्हणे!" असं जो तो एकमेकाला सांगू लागला.

तारुण्यात स्वतःसाठी आलेली स्थळं मावशीने कधी धड पाहिली नव्हती. त्याची सगळी कसर तिने या थर्मासवर काढली. कणकवलीच्या दुकानदाराला फोन लावून ती ठेवणीतल्या सरकारी मराठीत विचारी, "वीज गेल्यावर काय करतो? वीज आली की आपला आपण उठतो, की हाक मारावी लागते? नेट नसलं तर रुसून बसतो का? वीज किती खातो?" नुसतं तापमान ओळखणारे पहिल्या बैठकीतच नापास झाले. "उकाडो माझो माका कळता," ती म्हणाली. "ओल कळणा नाय. ती खाऊन जाता, मगे कळता." एक स्थळ देवगडहून आलं होतं. तिथे ते एका आंबेवाल्याच्या गोदामात लावलेलं आहे, असं विक्रेत्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. "जो आंबे पिकवता, तो माका काय सुक्यात ठेवतलो?" म्हणून मावशीने तेही परतवलं. उरलेल्यांची पापडपरीक्षा झाली. यंत्र दाखवायला आणलं की त्याच्या शेजारी दोऱ्याने एक पापड टांगायचा. यंत्र म्हणालं हवा उत्तम आहे आणि पापड वाकला, तर मावशीचा विश्वास पापडावर.

अखेर दोन उमेदवार राहिले. मावशी सरळ ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावायला गेली. पाषाणावर फुलाच्या कळ्या लावून गुरवाने हात जोडले आणि तो अडला. "बाय, देवाक ह्येचा नाव काय सांगू?" मावशीने क्षणभर विचार केला. "थर्मास म्हणान सांग. देवाक कळतला." उजवी कळी पडली, दोघांतल्या एकाला देवाचा होकार मिळाला आणि आठवड्याभरात थर्मास भिंतीवर चढला.

कौलात एक गोष्ट विचारायची राहून गेली होती. वीज वाचावी म्हणून तो थर्मास खोलीत कुणी हलतंय का यावरही लक्ष ठेवत होता. बराच वेळ हालचाल दिसली नाही की तो स्वतःला बंद करून मालकाच्या मोबाइलवर तसं कळवायचा. मावशीचा फोन बटणांचा, म्हणून तिने तिथे माझा नंबर दिला होता. एका संध्याकाळी मी ऑफिसात असताना माझ्या फोनवर अक्षरं उमटली: घरात कोणी नाही.

मी धावत बाहेर जाऊन फोन लावला. "मावशे, खंय आसस?"

"खंय म्हणजे? खिडकीकडे बसलंय! हंयच आसंय!"

मी तिला सगळं समजावून सांगितल्यावर ती भडकलीच. "माका जिती असताना नाय म्हणता मेलो!" पुढचे काही दिवस ती येता-जाता थर्मासला दोन्ही हातांनी नमस्कार करत होती, आणि बाय आता भिंतीच्या पाया पडते अशी गावात नवीनच बातमी झाली. निरोप थांबले. मग, का कोण जाणे, पुन्हा सुरू झाले आणि जवळजवळ रोज दिवेलागणीला येऊ लागले. मी फोन करायचो. आधी थर्मासची आई-माई निघायची, मग आज जेवायला काय केलंस ते, मग कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसून माहेरी गेली. लाइन अडल्याचा विषय दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं.

थर्मासचं डोकं फिरलं असं समजून मी कंपनीचा माणूस पाठवला. त्याने तिथूनच मला फोन केला. "सर, यंत्र चांगलं आहे. एक सेटिंग बदललं की हे निरोप बंद होतील. पण मॅडम हात लावू देत नाहीत. आणि सर, मी आल्यापासून बघतोय, त्या खुर्चीत अगदी मुद्दाम, जराही न हलता, फोटो काढायला बसल्यासारख्या बसल्यायत."

मी मावशीला फोन द्यायला सांगितलं. तिने तो घेतला. मग हळूच म्हणाली, "रवांदे रे तसोच. तो माका नाय म्हणता, तेव्हा तू इचारतस, आसस काय म्हणान."

हजारो लोकांना एकमेकांशी जोडून देणाऱ्या या बाईला स्वतःसाठी एक कॉल मागता येत नव्हता, आणि तेवढ्यासाठी ती रोज संध्याकाळी स्वतःच्याच घरात नसल्यासारखी बसत होती. मी त्या माणसाला म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी फोन लावला.

"कित्या रे? आज सकाळीच नाय म्हणालो काय तो?"

"नाय गो. तो काय बोलाक नाय. मीच केलंय."

"काम काय होता?"

"काम काय नाय. असोच."

"असोच?" तिने पुन्हा विचारलं. मी खट् आवाजाची वाट पाहत होतो. तो आला नाही. पलीकडून घाईघाईने ती म्हणाली, "थांब हां, भात उतरून येतंय. फोन ठेव नको."

तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. झाकण वाजलं, पळी वाजली, मागच्या अंगणात कुठेतरी कावळा ओरडला. मी फोन कानाला लावून ते सगळं ऐकत उभा राहिलो.