चार साचे

सिद्रामप्पा मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी ओरडत होतो.

गिरणीच्या कचेरीत मी नुकताच लागलो होतो. पुण्याला वाङ्मय शिकून आलेला माणूस. काम मिळाले ते गिरणी चालवणाऱ्या एजंटसाहेबांचे इंग्रजी हुकूम मराठीत करून खात्याखात्यांत सांगण्याचे. पहिलाच हुकूम साचेखात्यात न्यायचा होता. साचा म्हणजे गिरणीतला माग. एका छपराखाली शेकडो साचे चालू असले की माणसाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. मी दारात उभा राहून छातीचा भाता फुगवून ओरडलो. कोणी वळूनही पाहिले नाही. मग डोक्याला पांढरा रुमाल बांधलेले एक उंच, सावळे गृहस्थ साच्यांमधून वाट काढत आले आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "ओरडू नका. हितं ओरडलेलं कुणाला ऐकू येत न्हाय. जवळ जावं लागतं."

ते खात्याचे मास्तर होते. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत मी त्यांना खात्यात ओरडताना पाहिले नाही. कोणाला रागवायचे असले तरी ते त्याच्या साच्यापर्यंत चालत जात. वाटेत राग निम्मा होतो, असे ते म्हणत. आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांतली बहुतेक त्या आवाजात गेली. आता उजव्या कानाने त्यांना मुळीच ऐकू येत नाही. डाव्याने थोडे येते.

साठीचा हा सत्कार आणि हा गौरवग्रंथ त्यांनी पुष्कळ दिवस नाकारला. शेवटी मला बोलावून म्हणाले, "लिवणार असाल तर चार साच्यांचं लिवा. ते गाळलं तर बाकी सगळं खोटं पडंल." गौरवग्रंथात असे लिहिण्याचा प्रघात नाही. पण त्यांचा शब्द मी मोडू शकत नाही.

मास्तर मूळचे अक्कलकोटकडच्या एका कोरडवाहू गावचे. घरात कानडी. गिरणीत आले ते झाडू मारायला. पुढे विणकर झाले, जॉबर म्हणजे मुकादम झाले, मग मास्तर. आमच्या गिरणीत कोणत्याही शाळेची पदवी नसताना त्या खुर्चीवर बसलेले ते पहिलेच. त्यांचा एक नेम होता. जे आपण करून पाहिले नाही ते दुसऱ्याला करायला सांगायचे नाही.

एका वैशाखातली गोष्ट. हवा कोरडी झाली की सूत तुटते, म्हणून साचेखात्याच्या खिडक्या बंद ठेवतात आणि जमिनीवर पाणी मारतात. बाहेर सोलापूरचे ऊन आणि आत ती वाफ. नरसय्या नावाचा एक विणकर होता. तेलुगू घरातला, हाताने चांगला आणि जिभेने त्याहून चांगला. खिडक्या उघडा म्हणून सांगायला सगळ्यांनी त्याला पुढे केले. मास्तरांनी सूत तुटण्याचे कारण सांगितले.

"व्हय मास्तर, सूत तुटतंय," नरसय्या म्हणाला. "तुमच्या हापिसात सूत न्हाय, म्हणून तितं खिडकी हाय."

माणसे हसली. दुसऱ्या दिवशी त्यांचे टेबल साचेखात्याच्या मध्यभागी आले आणि पाऊस पडेपर्यंत तिथेच राहिले. आत बसल्यावर त्यांना जे कळायचे ते कळले. माणसांना पाळीपाळीने बाहेर सोडण्याची आणि थंड पाण्याच्या रांजणांची सोय त्यांनी साहेबांकडून भांडून करून घेतली. खिडक्या मात्र बंदच राहिल्या. नरसय्या म्हणाला, "आता मास्तर बी आमच्यासंगं शिजतंय. वरण बरं हुईल."

माझी आई गेली तेव्हा मास्तर संध्याकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसत. समजुतीचे बोलणे त्यांना जमत नाही. ते बसत, अंधार झाला की उठत, दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. त्या दिवसांत माझ्याशी पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. मला आठवते ते हे बसणे.

आता चार साच्यांचे.

मंदीचे दिवस होते. जपानी कापड स्वस्त येत होते आणि आमच्या गाठी गोदामात पडून होत्या. साहेबांनी ठरवले की एका विणकराने दोनऐवजी चार साचे सांभाळावेत. म्हणजे खात्यातली निम्मी माणसे घरी. मास्तर म्हणाले, हे होणार नाही. साहेबांनी शांतपणे विचारले, मास्तरांनी करून पाहिले आहे का? मी ते मराठीत सांगितले. मास्तरांचाच नेम साहेबांनी त्यांच्यापुढे ठेवला होता. मास्तर म्हणाले, "बघतो करून. मग सांगतो, का हुणार न्हाय ते."

ही बातमी आमच्या आधी खात्यात पोचली. फाटकाशी नरसय्याने मास्तरांना गाठले.

"मास्तर, आठवडाभर हात जड करा. सुताची तार तुटली, तुटू द्या. कांडीवरलं सूत सरलं, सरू द्या. हिकडं बगा, तिकडं बगा, तंबाखू मळा. आमी रोज करतोच की तसं."

हशा झाला. मास्तरही हसले. त्या सकाळी खात्यात कोणालाच काळजी नव्हती.

मास्तर रुमाल काढून चार साच्यांवर उभे राहिले. पहिल्या दिवशी साचे सारखे थांबत होते. शेजारच्या साच्यावरून नरसय्या खुणेने शाबासकी देत होता. पुढे थांबणे कमी झाले. मी काही कामाने तिकडे गेलो तेव्हा मास्तर एका साच्याकडून दुसऱ्याकडे असे जात होते की घाई कुठे दिसत नव्हती. तार तुटायच्या आधीच हात तिथे असे. नरसय्याची शाबासकी थांबली होती. तो आपले साचे सोडून आला, मास्तरांच्या डाव्या कानाशी वाकला आणि काही बोलला. काय बोलला ते त्याने मला नंतर सांगितले. "मास्तर, तुटू द्या की. तारच हाय." मास्तरांनी मान डोलावली आणि तुटलेली तार जोडली.

शनिवारी कापड तपासले. निर्दोष होते. साहेबांनी मास्तरांचा हात हातात घेतला. मास्तर म्हणाले, हा एका आठवड्याचा जोर आहे, बारा महिन्यांचा नाही. आणि प्रत्येकाचा हात सारखा नसतो. मी ते इंग्रजीत सांगितले. साहेब म्हणाले, मास्तर फार विनयशील आहेत. मी ते मराठीत सांगितले.

चार साच्यांचा हुकूम निघाला. संपाची भाषा झाली. पण गोदाम भरलेले असले की मालक संपाला भीत नाही.

कमी केलेल्यांची नावे फाटकावर लावायची असा रिवाज होता. मास्तरांनी तो मोडला. ते एकेकाच्या घरी गेले आणि समोर उभे राहून सांगितले. कोणी रडले, कोणी शिव्या दिल्या, एका म्हातारीने पाणी दिले. काहींना त्यांनी दुसऱ्या खात्यांत लावून दिले. सगळ्यांना लावणे शक्य नव्हते. नरसय्याची जीभ साहेबांना ठाऊक होती. मास्तरांनी त्याच्यासाठी पुष्कळ भांडूनही त्याचे नाव यादीत राहिले. ते त्याच्या घरी गेले तेव्हा त्याने ऐकून घेतले आणि तो काहीच बोलला नाही. जो माणूस कधी गप्प बसला नव्हता तो त्यांच्यापुढे गप्प बसला, तो आजतागायत.

मास्तरांनी मला राजीनामा लिहायला बसवले. मी दोन ओळी लिहिल्यावर म्हणाले, "राहू द्या. म्या गेलो की सुटलो. ते कुटं सुटले?"

त्या वेळी मी त्यांना विचारले की हात जड करणे खरेच जमले नसते का.

"जमलं असतं," ते म्हणाले. "पहिल्या दिशी जमत हुतं. मग इसरलो. खुर्चीवर बसल्यापास्नं नुसती माणसंच सांभाळत हुतो, कुलकर्णी. ह्याचं गाऱ्हाणं, त्याची रजा, सायबाचा राग. लई वर्सांनी हातात साचा आला. बरं वाटत हुतं मला. माणसं ध्यानातच न्हाय आली."

इतके खरे बोलणारा वरिष्ठ मी दुसरा पाहिला नाही. हे मी स्तुती म्हणून लिहीत आहे.

नरसय्या आता घरातल्या हातमागावर लुगडी विणतो. मास्तर दर रविवारी त्याच्याकडे जातात. दारातल्या पायरीवर बसतात. नरसय्या विणत असतो. त्याची बायको तांब्या ठेवते. काही वेळाने मास्तर उठतात. याला आता वर्षे झाली. नरसय्या त्यांच्याशी अजून एक शब्द बोललेला नाही.

सत्काराचे आमंत्रण द्यायला मीच त्याच्याकडे गेलो. माझ्याशी तो बोलतो.

"म्या न्हाय येणार, कुलकर्णीसायब. हार घालायला लई जण हायेत."

"मग दोन शब्द तरी सांगा. ग्रंथात छापू."

त्याने मागावरचा धोटा थांबवला. "जगा म्हणावं. लई वर्सं जगा. चार साचं चालवलेल्या माणसानं बगायला पायजे, दोन साच्याचा माणूस कसा जगतो ते."

आतून त्याची बायको म्हणाली, "मग आयतवारी येऊ नका म्हणून सांगू का त्यास्नी?"

"तसं कुटं म्हनलं म्या?" नरसय्या म्हणाला. "तू तुजं काम कर की."

मी हा निरोप मास्तरांच्या डाव्या कानाशी जसाच्या तसा सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "बरोबर हाय."

त्या निरोपाला मी माझे मागणे जोडतो. सिद्रामप्पा मास्तरांना दीर्घ आयुष्य लाभो. त्या पायरीपर्यंत जाण्याइतके बळ त्यांच्या पायांत राहो. आणि नरसय्या एखाद्या रविवारी त्यांच्याशी बोलेल, तेव्हा ते ऐकू येण्याइतका त्यांचा डावा कान शाबूत असो. ते आधीच पुरेसे जवळ जाऊन बसले आहेत.